मनाली–लेह रस्त्यावर मोसमाचा पहिला बर्फ : निघण्याआधी, वाटेत आणि अडकल्यावर काय करावे

गणेशोत्सव संपला की पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत लडाखच्या सहलीचे बेत पक्के होऊ लागतात. पाऊस ओसरलेला असतो, दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या समोर असतात आणि या दिवसांत हिमालयातले आकाश खरोखरच फार स्वच्छ असते. मात्र मोसमातला पहिला मोठा बर्फही याच दिवसांत, बहुतेक वेळा फारशी कुणकुण न लागता, खिंडींवर उतरतो. २०१८ साली अनंत चतुर्दशी २३ सप्टेंबरला होती. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुका चालू असताना, २२ ते २४ सप्टेंबर या तीन दिवसांत, कुलू खोऱ्यात नद्यांना पूर आला होता आणि पलीकडच्या लाहौलमध्ये ऐन फळांच्या हंगामात बर्फ पडत होता. सफरचंदे अजून झाडांवरच असल्यामुळे फांद्या ओल्या बर्फाच्या भाराने मोडल्या, रस्ते बंद झाले, शेकडो प्रवासी व ट्रेकर जागोजागी अडकले आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली.

मी या रस्त्याने चारदा गेलो आहे, त्यांपैकी दोनदा सप्टेंबरच्या अखेरीनंतर. त्या अनुभवातून आणि तिथल्या चालकांकडून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे. या रस्त्यावर पहिल्या बर्फात सापडणारी माणसे गाडी वाईट चालवतात म्हणून सापडतात असे नाही. ज्या सकाळी थांबायला हवे होते त्या सकाळी ती निघतात, कारण परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे असते. त्यामुळे गाडी चालवण्याच्या कौशल्यापेक्षा थांबण्याच्या निर्णयाला या लेखात अधिक जागा दिली आहे.

आधी हे वादळ समजून घ्यावे

हिवाळ्यात उत्तर भारताला पाऊस आणि बर्फ देणारी हवामान प्रणाली म्हणजे पश्चिमी झंझावात, ज्याला बातम्यांत वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणारे हे कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडपर्यंत येतात. एरवी डिसेंबर ते मार्च हा त्यांचा जोराचा काळ. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात एखादा झंझावात लवकर आला आणि परतीच्या मान्सूनची आर्द्रता अजून हवेत शिल्लक असली, तर दोन्हींचा संयोग होऊन खाली मुसळधार पाऊस आणि वर दाट हिमवृष्टी होते.

हा लवकरचा बर्फ जानेवारीतल्या बर्फापेक्षा मऊ वाटला तरी वाहनासाठी अधिक फसवा असतो. जमीन अजून उबदार असल्याने पहिला थर वितळतो, त्याचे पाणी डांबरावर पसरते आणि सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी काचेसारखे गोठते, त्यावर पुन्हा भुरभुरीत बर्फ पडून तो थर झाकला जातो. शिवाय या दिवसांत सीमा रस्ते संघटनेची बर्फ हटवणारी यंत्रे खिंडींजवळ पूर्ण संख्येने येऊन ठेपलेली नसतात, वाटेतल्या सर्चू आणि पांग या मुक्कामांचे तंबू उठू लागलेले असतात, आणि रस्त्यावर मैदानातून आलेल्या, साध्या टायरच्या गाड्या मात्र पुष्कळ असतात.

उंचीचा हिशेबही डोक्यात ठेवावा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि याच रस्त्यावरची बारालाचा खिंड सुमारे ४,८९० मीटरवर, म्हणजे दोहोंत १८ अंशांच्या आसपास फरक पडतो. मनालीत सकाळी १० अंश तापमान असून रिमझिम पाऊस पडत असेल, तर बारालाचावर उणे ८ अंशांत तोच पाऊस बर्फ होऊन पडत असणार, हे कोणी सांगण्याची गरज नाही.

घरून निघण्यापूर्वी

सर्वांत पहिली तयारी दिनदर्शिकेत करायची आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर या रस्त्याने जायचे असेल, तर एकूण बेतात किमान दोन, शक्यतो तीन दिवस पूर्णपणे रिकामे ठेवावेत आणि ते परतीच्या टोकाला ठेवावेत. विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट या मोकळ्या दिवसांनंतरचे काढावे. रजा कमी असेल तर लेहपर्यंत विमानाने जाऊन तिथून विमानानेच परतणे अधिक शहाणपणाचे. श्रीनगरमार्गे परत येऊ, असा पर्याय अनेकजण मनात धरतात. परंतु जो झंझावात बारालाचा बंद करतो तोच बहुधा काही तास आधी ३,५२८ मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीवर पोहोचलेला असतो, त्यामुळे दोन्ही वाटा एकाच वेळी बंद होण्याची शक्यता बरीच मोठी असते.

दिशेचाही विचार करावा. मनालीकडून जाताना शरीराला उंचीची सवय झालेली नसते आणि नेमक्या त्याच अवस्थेत सर्चूला, म्हणजे सुमारे ४,३०० मीटरवर, मुक्काम करण्याची वेळ येऊ शकते. लेहमध्ये तीन-चार दिवस राहून मग मनालीकडे उतरणारा प्रवासी अडकलाच, तर त्याचे शरीर तरी तयार असते. मोसमाच्या अखेरीस मी म्हणूनच लेहहून मनालीकडे येणे पसंत करतो.

आता गाडी. महाराष्ट्रात उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये साधे पाणी घालण्याची सवय अनेकांना असते. हे पाणी शून्याखाली गोठते, गोठताना फुगते आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ठोकळाही तडकवू शकते. निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये सगळे पाणी काढून कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे या प्रमाणात भरून घ्यावे, आणि ते खरोखर बदलले याची स्वतः उभे राहून खात्री करावी. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी नको, कारण चालत्या गाडीत ते काचेवर उडताक्षणी गोठते आणि पुढचे काही दिसेनासे होते. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बदलावी. वायपरचे रबर, ब्रेक, हीटर आणि मागच्या काचेची तापतार (डीफॉगर) तपासावी. टायरची नक्षी झिजलेली असेल तर तेच टायर घेऊन जाण्याचा मोह टाळावा.

डिझेल गाडी असेल तर एक गोष्ट जास्तीची. मैदानी भागातले डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊ लागते आणि त्यातले मेणासारखे कण फिल्टरमध्ये अडकतात. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ साली आणले ते याचसाठी. ऑक्टोबरात इतकी टोकाची थंडी नसते, तरी खालून भरून आणलेल्या टाकीवर विसंबण्यापेक्षा लाहौलमधल्या केलाँगच्या अलीकडे तांडीच्या पंपावर टाकी पूर्ण भरावी. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे असे सांगणारी तिथली पाटी प्रसिद्ध आहे, आणि अडकल्यावर हीटरलाही इंधन लागते हे तिच्यावर लिहिलेले नाही.

चाकांच्या साखळ्या, ज्यांना तिकडे सगळे चेन म्हणतात, त्या आपल्या टायरच्या मापाच्याच घ्याव्यात आणि घरच्या पार्किंगमध्ये दोनदा चढवून-उतरवून पाहाव्यात. बोटे बधिर झाल्यावर, गुडघाभर चिखलात बसून ही गोष्ट पहिल्यांदा शिकता येत नाही. बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, तेव्हा साखळ्या पुढे लावायच्या. बोलेरोसारख्या मागून रेटणाऱ्या गाडीला त्या मागे लावायच्या. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारून ठेवावे.

सामानात फावडे, ओढण्याचा पट्टा, जंप केबल, डोक्याला बांधायची विजेरी, प्रत्येकी एक जाड पांघरूण, कोरड्या मोज्यांचे दोन जोड, रबरी हातमोजे, थर्मास आणि दोन दिवस पुरेल इतका कोरडा खाऊ असावा. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गूळ, खाकरा हे थंडीतही दगड होत नाहीत आणि उंचीवर अन्नावरची वासना उडाली तरी घशाखाली उतरतात. मोबाइलच्या बाबतीत दोन सूचना. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून गटात किमान एकाकडे पोस्टपेड जोडणी असावी. आणि परदेशातून आणलेला उपग्रह फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र परवान्याशिवाय बाळगणे भारतात बेकायदा आहे, ते मदत म्हणून नेऊ नये.

हवामानाचा अंदाज कसा वाचावा

भारतीय हवामान विभागाचे शिमला केंद्र हिमाचलचा, श्रीनगर केंद्र काश्मीरचा आणि लेह केंद्र लडाखचा अंदाज देते. प्रवासाच्या पाच दिवस आधीपासून तिन्ही रोज पाहावेत. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. सपाट प्रदेशात पिवळ्या इशाऱ्याकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. लाहौल-स्पितीसाठी पिवळा इशारा असेल आणि आपल्या बेतात त्या दिवशी बारालाचा असेल, तर मी तो नारिंगीच समजतो, कारण इशारा जिल्ह्याला दिलेला असतो आणि आपण त्या जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकावरून जाणार असतो.

झंझावात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, म्हणून काश्मीर ही आपली आगाऊ घंटा आहे. गुलमर्ग-सोनमर्गला बर्फ सुरू झाल्याची बातमी आली की लाहौलमध्ये काही तासांत ते एका दिवसात तेच होण्याची दाट शक्यता धरावी. मोबाइलवरच्या अॅपमध्ये सूर्याचे चित्र दिसते आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. ते चित्र बहुधा खोऱ्यातल्या गावाचे असते, खिंडीचे नसते.

आणि स्थानिक माणसांकडे पाहावे. एका ऑक्टोबरात मी केलाँगपुढच्या जिस्पा गावात उतरलो तेव्हा आकाश निळेशार होते. आमच्या खोलीसमोरच्या घराच्या धाब्यावर एक बाई आणि तिची सून वाळत घातलेला चारा घाईघाईने गोळा करून ताडपत्रीखाली सारत होत्या, आणि धाकटा मुलगा अंगणातली लाकडे आत नेऊन ठेवत होता. मी विचारले तेव्हा बाईंनी काही न बोलता फक्त पुढच्या दारचा गावाच्या दिशेला बोट दाखवले. तिकडच्या शिखरावरून ढगाची एक पातळ पट्टी पूर्वेकडे ओढल्यासारखी ताणली गेली होती. रात्री अडीचच्या सुमारास पत्र्यावरचा पावसाचा आवाज थांबला. मला वाटले पाऊस उघडला. दार उघडून पाहिले तर आवाज थांबला होता तो पावसाचा बर्फ झाल्यामुळे.

जिस्पाची सकाळ : जायचे की थांबायचे

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाल्यापासून या प्रवासाचा पहिला टप्पा फार सोपा झाला आहे. सुमारे ९ किलोमीटरच्या या बोगद्यामुळे रोहतांगची खिंड टळते आणि मनालीहून केलाँगला दोन-तीन तासांत पोहोचता येते. या सोपेपणामुळे एक गैरसमजही पसरला आहे, तो असा की बोगदा असल्यामुळे आता रस्ता बारमाही झाला. बोगदा रोहतांगपुरता आहे. बारालाचा, लाचुलुंग ला आणि टांगलांग ला या खिंडी आजही उघड्यावरूनच ओलांडाव्या लागतात आणि त्यांतल्या शेवटच्या दोन ५,००० मीटरच्या वर आहेत.

म्हणून खरा निर्णय केलाँग किंवा जिस्पा येथे घ्यायचा, कारण ही गावे सुमारे ३,१०० ते ३,२०० मीटरवर आहेत, तिथे बारा महिने वस्ती आहे, गरम जेवण आहे आणि कोणी आजारी पडले तर केलाँगला रुग्णालय आहे. जिस्पापासून बारालाचा सुमारे ५० किलोमीटरवर. त्यापुढे सर्चू, आणि सर्चूनंतर पांगपर्यंत आणखी दोन खिंडी. एकदा बारालाचा ओलांडल्यावर समोर आणि मागे दोन्हीकडे उंच खिंडी राहतात, मध्ये सुखाने थांबण्यासारखे गाव नाही.

सकाळी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, दारचाच्या पोलिस चौकीवर रस्ता कोणत्या वाहनांना खुला आहे याची चौकशी. अनेकदा रस्ता ‘चालू’ असतो, पण फक्त फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांना. आपली गाडी त्यात बसत नसेल तर विनवण्या करून पुढे जाऊ नये. दुसरी, समोरून येणाऱ्या ट्रकचालकांना विचारणे. वर किती बर्फ आहे हे विचारण्यापेक्षा किती वाजता आणि कुठे चाके घसरली हे विचारावे, त्याचे उत्तर अधिक नेमके मिळते. समोरून गेला तासभर एकही गाडी आली नसेल, तर तेच उत्तर आहे. तिसरी, आपल्या गटातल्या प्रत्येकाची तब्येत. रात्री डोके दुखले, उलटी झाली, जेवण गेले नाही असा एकजण जरी असला तर त्याला घेऊन खराब हवेत वर जाऊ नये, कारण विरळ हवेच्या आजारावरचा खरा उपाय खाली उतरणे हाच आहे आणि बर्फात अडकल्यावर तोच उपाय हातातून जातो.

यांपैकी एकही उत्तर शंकास्पद असले तर थांबावे. मी स्वतःसाठी एक वेळ ठरवली आहे : सकाळी ११ पर्यंत बारालाचा ओलांडता येण्याची खात्री नसेल तर त्या दिवशी निघायचे नाही. दुपारनंतर वारा वाढतो, ढग दाटतात, आणि वितळलेले पाणी पुन्हा गोठू लागण्याआधी खाली पोहोचायला पुरेसा वेळ उरत नाही.

मोटारसायकलवाल्यांना स्पष्ट सांगतो. दोन चाकांवर बर्फ ओलांडू नये. पिकअप ठरवून गाडी त्यात चढवावी आणि स्वतः आत बसावे. भाड्याचे पैसे जातात, एवढेच.

बर्फात गाडी चालवताना

साखळ्या बर्फ लागल्यावर नव्हे, चढ सुरू होण्याआधीच्या सपाट जागेवर, गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन लावाव्यात. दोन-तीनशे मीटर गेल्यावर थांबून त्या पुन्हा ताणाव्यात. साखळीवर वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नेऊ नये आणि कोरडे डांबर लागले की त्या काढाव्यात, नाहीतर तुटलेली कडी चाकाच्या कमानीत घुसते.

चढावर शक्य तिथे दुसऱ्या गियरमध्ये, एकसारख्या दाबाने जावे. मध्येच थांबले की पुन्हा निघताना चाके जागच्या जागी फिरतात आणि खालचा बर्फ घोटून गुळगुळीत करतात. म्हणून समोरच्या गाडीने पूर्ण चढ पार केल्यावरच आपण सुरुवात करावी. उतारावर पहिला किंवा दुसरा गियर आणि ब्रेकला अगदी हलका, तुटक स्पर्श. घसरण सुरू झालीच तर ब्रेक सोडावा, जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग हलकेच वळवावे आणि चाकांना पकड परत मिळू द्यावी. एबीएस असलेल्या गाडीत तातडीने थांबायचे असेल तर पॅडल घट्ट दाबून धरावे, ते थरथरते म्हणून पाय उचलू नये.

डोळ्यांना न दिसणारा गोठलेला थर ओळखण्याची एक खूण मला दीपक ताल या तळ्याच्या पुढे कळली. ओल्या डांबरावर टायरचा सळसळ आवाज येत असतो. एका सावलीतल्या वळणावर रस्ता तसाच ओला, काळा दिसत होता, पण तो आवाज अचानक बंद झाला आणि स्टिअरिंग हातात रिकामे, हलके लागले. वेग १५-२० असल्यामुळे निभावले. तेव्हापासून अशा रस्त्यावर मी गाणी लावत नाही आणि खिडकी बोटभर उघडी ठेवतो. असे थर सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांच्या दोन्ही काठांवर हमखास सापडतात.

दरीकडच्या कडेला बर्फाने झाकलेली जागा रस्ताच आहे असे समजू नये. आधीच्या चाकोरीतून जावे, समोरून ट्रक आला तर डोंगराच्या बाजूला थांबून त्याला जाऊ द्यावे. ऊन पडल्यावर मात्र त्याच डोंगराकडून बर्फ वितळून सुटलेले दगड येतात, म्हणून उघड्या घसरणीखाली फोटोसाठी थांबू नये.

अडकल्यावर

गाडी सोडून चालत निघू नये. वाऱ्यात उडणाऱ्या बर्फात दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि ५,००० मीटरच्या आसपास हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच मिळत असल्याने शंभर मीटर चालणेही दमवते. दिवे किंवा माणसे स्पष्ट दिसत असतील तेवढाच अपवाद. बारालाचाच्या अलीकडे पत्सिओ आणि पलीकडे पांग येथे सैन्याचे तळ आहेत, सर्चूला मोसमात पोलिस चौकी असते. त्यांच्या टप्प्यात असताना हवा बिघडली तर पुढे रेटण्याऐवजी तिथेच आसरा मागावा.

गाडीत बसल्यावर सर्वांत मोठा धोका थंडीइतकाच धुराचा असतो. मागची नळी बर्फाने बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी उतरून नळीभोवतीचा बर्फ फावड्याने काढावा, दर तासाला दहा मिनिटेच इंजिन चालवावे आणि वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी खाली ठेवावी. रात्री एकाने जागे राहावे. तंबूत किंवा बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपणेही याच कारणासाठी टाळावे.

ओले मोजे लगेच बदलावेत, बोटे सतत हलवावीत, सर्वांनी एकत्र बसून पांघरुणे एकत्र घ्यावीत. बर्फ तसाच खाऊ नये, तो शरीरातली ऊब घेतो. मद्य अजिबात नको. आरशाला लाल कापड बांधावे म्हणजे यंत्रवाल्यांना गाडी दुरून दिसेल. कोणी अडखळत चालू लागले, बोलण्यात असंबद्धता आली किंवा बसल्या जागी धाप लागली तर ते थकव्याचे लक्षण समजू नये, पहिल्या मिळेल त्या वाहनातून त्याला खाली पाठवावे. नेटवर्क मिळताच ११२ वर आपली जागा, गाडीचा क्रमांक, माणसांची संख्या आणि आजारी व्यक्तीची अवस्था या क्रमाने सांगावी.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये, तो गोठून अडकतो. गियरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा, वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतल्यास ती तडकते, तेव्हा हीटर सुरू करून प्लास्टिकच्या कार्डाने खरवडणे बरे.

रस्ता उघडल्यावर

रस्ता खुला झाल्याची बातमी येताच दोन-तीन दिवस खोळंबलेल्या सगळ्या गाड्या एकाच वेळी सुटतात, आणि यंत्राने एकच गाडी जाईल एवढी वाट काढलेली असताना दोन्हीकडून रांगा भिडतात. पहाटेच्या त्या रांगेत घुसू नये. रात्रभर गोठलेला रस्ता ऊन लागेपर्यंत सर्वांत निसरडा असतो. त्या ऑक्टोबरात आम्ही जिस्पाला दोन रात्री जास्त राहिलो. तिसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतल्या गाड्या पहाटे पाचला गेल्या, आम्ही साडेआठला निघालो, आणि बारालाचाच्या अलीकडच्या झिंगझिंगबारच्या चढावर त्या आमच्या पुढे उभ्या होत्या. एक ट्रक आडवा झाला होता आणि सगळेजण ऊन त्या वळणापर्यंत पोहोचण्याची वाट पाहत होते.